फरतडीचा कापूस

माझ्या यादीत एकशे बारा घरं.
त्यातली नऊ आमची, क्रुसाची.
बाकीच्या दारांत मी आशाताई,
या नऊ घरांत नुसती फिलोमिना,
रोजरीच्या वेळी मागं बसून डुलक्या घेणारी.

चर्चला कुलूप मीच लावलं.
तहसीलदारांची सही, ग्रामपंचायतीचा शिक्का,
वर अमरावतीहून बिशपांचं पत्र:
मिस्सा मोबाइलवर पाहा, ख्रिस्तशरीर मनानं घ्या.
मनानं.
रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते.
तिथं दोघीतिघी एका मोबाइलवर वाकलेल्या दिसल्या
की दूर व्हा म्हणून ओरडणारीही मीच.

फादर वर्की आत एकटेच मिस्सा करायचे.
केरळातून आले, अकरा वर्षं झाली,
आम्ही डोया म्हणतो, ते नीट डोळा म्हणतात.
ताप बघायला मी खिडकीशी जायची तेव्हा ऐकलंय,
'प्रभू तुम्हांबरोबर असो' म्हणून ते थांबत,
आमचं उत्तर येऊन जाईल इतकं,
आणि मग पान उलटत.

इग्नाती खंडारे. जिनिंगमध्ये तीस वर्षं रेच्यावर,
छातीत आधीच गाठोडंभर रुई.
ऑक्सिजन एक्क्याऐंशी.
यवतमाळला खाट नाही, फोनवर 'थांबा' म्हणाले.
त्याची बायको सुसान्ना माझ्यावरच धावून आली,
'दवाई नाही तं नाही,
तेल तरी आनता का नाही त्याले?'

नियम होता: हात लावायचा नाही.
काडीला कापूस, कापसाला तेल,
मग काडी जाळायची.
फादरांनी खिसे चाचपले. काडी विसरली होती.
सुसान्नानं सरपणातून एक पऱ्हाटी ओढली,
शेंड्याला फरतडीचं बोंड राहून गेलेलं,
किडकं, अर्धंच फुटलेलं.
'हे चालते का?'

फादर खिडकीबाहेर, मी आत, किटमध्ये घामाघूम.
गजांमधून पऱ्हाटी आली, लांब, थरथरत.
मी डोकं धरलं.
बोंड कपाळाला टेकलं, मग एकेका तळहाताला.
इग्नाती डोळे न उघडता म्हणाला,
'धागा आखूड हाये.
भाव नाही भेटनार.'

पऱ्हाटी चुलीत तडतडली.
फादर बाहेर कुपी पुसत होते.
म्हणाले, मागच्या वर्षीचं तेल,
यंदाचं आणायला कोण जाणार अमरावतीला.
'खवट झालंय का गं? वास येतो?'
येत होता. मास्कमधूनही येत होता.
'मला नाही येत,' ते म्हणाले,
आणि कुपी पुन्हा नाकाशी नेली.
पुन्हा.
मग माझ्याकडं पाहिलं.

मी रजिस्टर उघडलं. दुसरं काय करणार?
नाव, वय त्रेपन्न, लक्षण: वास नाही.
व्यवसायाच्या रकान्यात
शेतकरी, मजूर, नोकरी, व्यापार, गृहिणी, विद्यार्थी, इतर.
इतरवर खूण केली.
पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला
त्यांच्या नाकात काडी गेली,
टोकाला कंपनीचा पांढराशुभ्र कापूस.
डोळ्यांतून पाणी आलं, ते बाहीला पुसलं.
एकशेआठमध्ये चढताना कुपी माझ्या हातात दिली.
जवळचा फादर नव्वद किलोमीटरवर,
त्याच्याही दाराला पत्रा ठोकलेला.
'तुम्हाले कोन लावन मंग?'
'त्याला लांब पऱ्हाटी लागेल,' म्हणाले.
हसले असावेत. मास्क हलला.

इग्नाती उठून बसला. कसा, ते मी विचारत नाही.
अंगणात खोकतो, सुसान्नाशी भांडतो.
फादरांचा फोन लागत नाही.

कुपी ऑक्सिमीटरच्या डब्यात ठेवलीय.
ते तेल कुणाला लावायचा मला अधिकार नाही,
आणि लावत नाही मी.
फक्त सकाळी घरं फिरायला निघण्याआधी
झाकण उघडते, नाकाशी धरते.
खवट.
येतो अजून.